ड्रमर : कारागीर की कलावंत?

रॉक संगीताचे दोन चाहते एकत्र आले आणि बोलणं ड्रमरवर घसरलं, की पुढचा तासभर काय होणार हे आधीच सांगता येतं. एक जण म्हणणार, अमक्याचा हात बघ, काय वेग आहे, एक ठोका इकडचा तिकडे होत नाही. दुसरा म्हणणार, हात आहे रे, पण त्यात जीव कुठाय? तमका चार साधे ठोके वाजवतो, पण ते दुसऱ्या कुणाला सुचले असते का? मग पहिला म्हणणार, ज्याला येत नाही तो साधंच वाजवणार. इथून पुढे आवाज चढतात. तंत्र मोठं की कल्पकता, हा वाद गिटारवाल्यांबद्दलही होतो, गायकांबद्दलही होतो. पण ड्रमरच्या बाबतीत तो जितका कडवट होतो तितका दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होताना मी ऐकलेला नाही. असं का व्हावं, याचा मला लागलेला उलगडा सांगावा म्हणून हा विषय घेतला आहे.

ज्यांनी ड्रमसेट फक्त ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात लांबून पाहिला आहे, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. ड्रमर बसलेला असतो. त्याच्या उजव्या पायाखाली एक पेडल असतं, त्याने समोरचा मोठा बेस ड्रम वाजतो, धप्प असा. डाव्या पायाखाली दुसरं पेडल, त्याने हाय-हॅट म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजा उघडतात आणि मिटतात. दोन गुडघ्यांच्या मधे स्नेअर. त्याच्या खालच्या अंगाला बारीक तारा ताणलेल्या असतात, म्हणून त्याचा आवाज फटाक्यासारखा फुटतो. पुढे टॉम नावाचे लहानमोठे ड्रम आणि वर टांगलेल्या झांजा. दोन हात, दोन पाय, आणि चौघांना चार वेगळी कामं. रॉकचा मूळ ठेका चार मात्रांचा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बेस ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर, वर हाय-हॅटची सारखी टिकटिक. श्रोते टाळ्या देतात त्या या स्नेअरवर. गाण्याची ओळ संपून दुसरी सुरू होण्याआधी जी छोटी जागा मिळते, तीत ड्रमर काही तरी वेगळं वाजवून घेतो, त्याला फिल म्हणतात. ठेका धरणं आणि फिल भरणं, ढोबळ मानाने एवढाच त्याचा संसार.

यातलं काय मोजता येतं? वेग मोजता येतो. अचूकपणा मोजता येतो. सात किंवा अकरा मात्रांचा हिशेब न चुकता पाळला की नाही, हे कळतं. एका मिनिटात हाताने किती ठोके पडतात याच्या तर अमेरिकेत रीतसर स्पर्धा झाल्या आहेत, ठोके मोजायचं यंत्र लावून. मैफिलीला जाणारे आपल्याकडचे लोक ज्याला ‘तयारी’ म्हणतात, ती ही. तयारी दिसते आणि दाखवता येते. तिच्या पलीकडे जे असतं ते मोजायला यंत्र नाही, आणि म्हणूनच भांडायला भरपूर जागा आहे.

हा वाद अगदी स्वच्छ रूपात पाहायचा तर ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडकडे जावं. १९८५मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन मुलांनी तो सुरू केला : गिटारवर जॉन पेट्रुची, बेस गिटारवर जॉन म्युंग आणि ड्रमवर माइक पोर्टनॉय. हेवी मेटलचा दणका आणि त्यात मात्रांचे अवघड हिशेब, असा त्यांचा बाज. १९९९च्या त्यांच्या एका अल्बममध्ये ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ नावाची सहा मिनिटांची शब्दांविना रचना आहे. तीत तालाचं माप शंभरहून अधिक वेळा बदलतं. सात मोजायला लागावं तोवर पाच येतात, पाचाची सवय होते ना होते तोच सहा. हातावर ताल धरणाऱ्या जाणकारानेही दोनतीनदा हात खाली ठेवावा, असा प्रकार.

पोर्टनॉय तिथे नुसता ड्रमर नव्हता. कोणत्या रात्री कोणती गाणी वाजवायची हे तो ठरवी, पेट्रुचीच्या जोडीने अल्बमच्या निर्मितीचं काम बघे, काही गीतं लिही, मागून गातही असे. सप्टेंबर २०१०मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. बाकीच्यांनी ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सात नावाजलेल्या ड्रमरना चाचणीसाठी बोलावलं. प्रत्येकाने बँडची तीन ठरलेली गाणी वाजवायची, मग सगळ्यांबरोबर आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, आणि मग पेट्रुचीने तिथल्या तिथे दिलेले विचित्र मात्रांचे तुकडे उचलायचे. हे सगळं चित्रित झालं आणि २०११मध्ये लोकांसमोर आलं. नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांच्या मुलाखती जगाने बघाव्यात, तसं. निवड झाली माइक मँजिनीची. तो बर्कलीत शिकवत होता, ती नोकरी सोडून आला. मघाशी ज्या वेगाच्या स्पर्धांबद्दल सांगितलं, त्यांत मिनिटाला बाराशेहून जास्त ठोके वाजवून त्याने विक्रम केलेले होते. उजव्या-डाव्या दोन्ही हातांना सारखंच काम करता यावं म्हणून तो ड्रमसेटसुद्धा दोन्ही बाजूंना सारखा मांडी.

आता चाहत्यांना दुसरं काय हवं होतं? पण झालं असं की पहिलाच अल्बम आला आणि दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, हा माणूस पोर्टनॉयपेक्षा कितीतरी पुढचा आहे, जे त्याला जमत नव्हतं ते हा सहज करतो. दुसरा तट म्हणे, अचूक आहे, पण घड्याळासारखा अचूक आहे. पोर्टनॉय कधी पुढेमागे झाला तरी गाणं कुठे न्यायचं ते त्याला ठाऊक असे, याच्या वाजवण्यात स्वतःचं काही नाही.

या निकालात एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात आली नाही. २०११च्या त्या अल्बमची गाणी रचली जात होती तेव्हा मँजिनी खोलीत नव्हताच. ड्रमचा आराखडा पेट्रुचीने संगणकावर तयार केला होता, आणि मँजिनीने तो शिकून, आपल्या हाताला बसवून, त्यात आपली भर घालून वाजवला. म्हणजे ज्या कामावरून त्याच्या कल्पकतेचा न्याय झाला, त्याचा मूळ नकाशा गिटारवाल्याचा होता. २०१३च्या पुढल्या अल्बमपासून तो रचनेत बसू लागला. २०२२मध्ये या बँडला पहिल्यांदा ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो ‘द एलियन’ या गाण्याला, आणि त्यावर ड्रम वाजवले आहेत ते मँजिनीने. पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये पोर्टनॉय परत आला, मँजिनी बाजूला झाला, आणि चाहत्यांतल्या एका बाजूला आपण जिंकल्यासारखं वाटलं. माझ्या मते दोन्ही बाजू ज्याला स्वभाव समजत होत्या, त्यातला बराचसा भाग जागेचा होता. गाणं जन्माला येताना जो खोलीत असतो त्याला कल्पकता दाखवायची संधी मिळते. जो नंतर येतो त्याच्याजवळ दाखवायला तंत्रच उरतं.

खोलीत असण्या-नसण्याचं आणखी जुनं उदाहरण बीटल्सचं आहे. रिंगो स्टार ऑगस्ट १९६२मध्ये बँडमध्ये आला. सप्टेंबरात ‘लव्ह मी डू’चं ध्वनिमुद्रण सुरू झालं. निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या कानाला ड्रमची बाजू पुरेशी पक्की वाटत नव्हती, म्हणून ११ तारखेला अँडी व्हाइट या अनुभवी वादकाला ठरलेल्या मानधनावर बोलावलं गेलं आणि रिंगोच्या हातात खंजिरी दिली गेली. सिंगलच्या पहिल्या आवृत्तीवर आधीचा, रिंगोने वाजवलेला प्रयत्न निघाला आणि अल्बमवर व्हाइटचा, हा त्यातला योगायोग. पण ‘रिंगोला वाजवता येत नाही’ ही कुजबुज तेव्हापासूनची. पुढे तर एक विनोदच प्रसिद्ध झाला, की रिंगो बीटल्समधलासुद्धा सर्वांत चांगला ड्रमर नव्हता, आणि तो जॉन लेननच्या नावावर खपवला गेला. बीटल्सचे अभ्यासक मार्क लुईसन यांनी शोध घेतला तेव्हा तो ब्रिटनमधल्या विनोदी कार्यक्रमांतून आलेला निघाला, तोही १९८०च्या दशकातला, म्हणजे लेननच्या हत्येनंतरचा. लेनन असं कधी म्हटल्याचा पुरावा नाही.

रिंगोचं वाजवणं समजून घ्यायचं तर त्याचा डावा हात बघावा लागतो. तो जन्माने डावखुरा. लहानपणी आजीने उजव्या हाताची सवय लावली, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. हा प्रकार आपल्याही घराघरांत झालेला आहे. पुढे तो बसला उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमसेटवर. उजवा ड्रमर स्नेअरपासून टॉमवरून सरळ गोल फिरत जातो. रिंगोला तसं सहज जाता येत नसे. हात अडायचा, मधे किंचित फट पडायची, म्हणून त्याच्या फिल नेहमीच्या वाटेने जात नाहीत. १९६९चं ‘कम टुगेदर’ आठवा. हाय-हॅटवरून सुरू होऊन टॉमवर घरंगळत उतरणारा तो तुकडा. तो ऐकला की गाणं ओळखू येतं, अजून एक शब्दही गायला गेलेला नसतो. अडचणीतून आलेली ही शैली आहे, पण नुसती अडचण म्हणूनही भागत नाही, कारण अडचण पुष्कळांना असते. १९६७च्या ‘अ डे इन द लाइफ’मध्ये टॉमवर त्याने जे भरलं आहे, ते फार गुंतागुंतीचं काम आहे, अशी साक्ष फिल कॉलिन्ससारख्या तयारीच्या ड्रमरने दिली आहे.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. कॅनडाच्या रश या बँडचा नील पर्ट हा तंत्रवाल्यांचा देवच. ‘वायवायझी’ ही १९८१ची रचना टोरांटो विमानतळाच्या संकेताक्षरांवर बेतली आहे. मोर्स कोडमध्ये ती अक्षरं कशी वाजतील, तोच त्याचा पाच मात्रांचा ठेका. पर्टवर आक्षेप असे की तो सगळं आधी ठरवून वाजवतो, रेकॉर्डवर जे आहे तेच मैफिलीत ठोक्याला ठोका. हे खरंच होतं. पण या माणसाने चाळिशी ओलांडल्यावर, जगभर नाव झालेलं असताना, फ्रेडी ग्रुबर या वृद्ध शिक्षकाकडे जाऊन पुन्हा मुळापासून शिकायला घेतलं. बडी रिच या जॅझ ड्रमरच्या स्मरणार्थ मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवताना त्याला आपलं वाजवणं ताठ वाटलं होतं. काठी धरायची पद्धतसुद्धा त्याने बदलली. २०१२च्या ‘क्लॉकवर्क एंजल्स’ या अल्बमच्या वेळी तर त्याने आपली बाजू पाठ करायचंच सोडलं; निर्माता निक रास्कुलिनेझ समोर उभा राहून हातातल्या काठीने इशारे करी आणि पर्ट त्या बरहुकूम वाजवी. २०२०च्या जानेवारीत तो गेला. त्याच्या या उत्तरार्धाबद्दल चाहते फारसं बोलत नाहीत. त्यांना त्याचा १९८१चा हातच आठवतो.

मेग व्हाइटचं उलट. डेट्रॉइटच्या द व्हाइट स्ट्राइप्समध्ये दोनच माणसं, जॅक व्हाइट गिटारवर आणि मेग ड्रमवर. तिचं वाजवणं इतकं साधं, की शिकाऊ मुलगाही महिन्याभरात ते वाजवू शकेल असं वाटावं. २००३चं त्यांचं ‘सेव्हन नेशन आर्मी’ फुटबॉलच्या मैदानांवर हजारो लोक एका आवाजात गातात. बँड २०११मध्ये थांबला. तरी मार्च २०२३मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने तिच्या वाजवण्याबद्दल तुच्छतेने लिहिलं आणि केवढा गदारोळ झाला! द रूट्सचा ड्रमर क्वेस्टलव्ह तिच्या बाजूने उभा राहिला, जॅकने तिच्यासाठी कविता लिहिली, आणि त्या पत्रकाराला माफी मागावी लागली. २०२५मध्ये हा बँड रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतला गेला. मला इथे एक साधी कसोटी उपयोगी वाटते. त्या गाण्यावर मनातल्या मनात नील पर्टला बसवून बघा. गाणं बिघडेल, कारण सगळी मोकळी जागा भरली जाईल. मग ‘टॉम सॉयर’ या रशच्या गाण्यावर मेगला बसवा. तेही उभं राहणार नाही. या कसोटीने दोघांपैकी कुणी मोठं ठरत नाही, पण ड्रमरचं काम गाण्याशिवाय तोलता येत नाही एवढं कळतं. जाता जाता हेही म्हणायला हवं, की साधं वाजवणाऱ्या पुरुषाला लोक ‘संयमी’ म्हणतात आणि बाईला ‘येत नाही’ म्हणतात. वेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर बेस ड्रम आडवा ठेवून उभ्याने वाजवी, झांजांना क्वचित हात लावी. तिच्याही वाट्याला हेच आलं.

मग कल्पकता म्हणायचं तरी कशाला? आजवर कुणी वाजवलंच नाही असं काही वाजवणं, असा जर अर्थ घेतला, तर फार थोडे ड्रमर उरतील. मला स्वतःला जे उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं ते टोटो या बँडच्या ‘रोझॅना’चं, १९८२चं. ड्रमवर जेफ पोर्कारो. या ठेक्यात प्रत्येक मात्रेचे तीन भाग आहेत, आपल्याकडे ज्याला तिस्र म्हणतात तसे, पण मधला भाग हाय-हॅटवर वगळलेला, त्यामुळे चाल लंगडत, झुलत जाते. याला शफल म्हणतात. वगळलेल्या जागी डावा हात स्नेअरला जेमतेम स्पर्श करतो, ऐकू येईल न येईल असा. ड्रमर मंडळी त्याला घोस्ट नोट म्हणतात. स्नेअरचा मोठा फटका मात्र नेहमीच्या निम्म्या वेळा, म्हणून गाणं धावत असूनही ऐसपैस वाटतं. जगभरचे ड्रमर हा ठेका शिकताना घाम गाळतात.

हा आणला कुठून? पोर्कारोने तो शिकवण्यासाठी काढलेल्या व्हिडिओत बसून सगळा हिशेब दिला. मूळ चाल बर्नार्ड पर्डी या न्यूयॉर्कच्या स्टुडिओ-वादकाची, स्टीली डॅनच्या १९७७च्या ‘होम अॅट लास्ट’मध्ये आहे ती. दुसरा धागा लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमचा, १९७९च्या ‘फूल इन द रेन’मधला. आणि पायाने वाजवायचा बेस ड्रम बो डिडलीच्या जुन्या प्रसिद्ध ठेक्यावरून घेतलेला. तिन्ही उसने. तरी ‘रोझॅना’ ऐकताना पर्डीही आठवत नाही आणि बॉनमही. असं जोडकाम करायला तिन्ही हातात असावे लागतात. ज्याला पर्डीची चाल वाजवताच येत नाही, तो तिच्यात डिडलीचा पाय काय घालणार? तंत्र म्हणजे घरात भरलेलं सामान, इतकं मी म्हणेन. सामान असून स्वयंपाक बिघडवणारे आहेत, आणि दोन कांद्यांवर जेवण उठवणारेही आहेत. डेव्ह ग्रोलने निर्वाणाच्या १९९१च्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’चा सुरुवातीचा तडाखा गॅप बँडसारख्या डिस्को-फंक मंडळींकडून उचलल्याचं हसत हसत कबूल केलं आहे.

बॉनमचं नाव निघालंच आहे तर त्याच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’बद्दल सांगतो. १९७१चा अल्बम. इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची एक जुनी वास्तू आहे, तिथे ध्वनिमुद्रण चाललं होतं. ड्रमसेट मांडला खालच्या दिवाणखान्यात, जिन्याच्या तळाशी, आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन वर जिन्यावरून टांगले. जिन्याची ती पोकळी घुमली आणि असा आवाज आला की जणू डोंगर पाय टाकत येतोय. बॉनम वाजवतोय तो ठेका साधाच आहे, आणि हाच माणूस एका पायाच्या पेडलवर असे दुहेरी-तिहेरी ठोके काढी की लोकांना दोन पाय वाटत. इथे त्याने त्यातलं काही केलं नाही. पुढे बीस्टी बॉइजने १९८६मध्ये हाच तुकडा उचलून त्यावर आपलं गाणं बसवलं.

उचलून बसवलं, हा शब्द वापरला, आणि इथेच मी सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो, वाद इतका कडवट का. पाश्चात्त्य संगीताच्या व्यवहारात गाणं म्हणजे बोल आणि चाल. गाणं रेडिओवर लागलं, दुसऱ्या कुणी गायलं, सिनेमात घातलं, की बोल आणि चाल ज्याच्या नावावर त्याला पैसे मिळत राहतात, त्याच्यामागे वारसांनाही. ठेका सहसा यात धरला जात नाही. तो ‘वाजवणं’ असतो, आणि वाजवण्याचं मानधन असतं. ‘कम टुगेदर’ लेनन-मॅकार्टनीच्या नावावर आहे. ‘रोझॅना’ एकट्या डेव्हिड पेचच्या नावावर. लेड झेपेलिनच्या ‘रॉक अँड रोल’वर चौघांची नावं आहेत, बॉनमचंही, कारण त्याने सहज वाजवलेल्या सुरुवातीतूनच ते गाणं निघालं. पण ती सुरुवात मुळात लिटल रिचर्डच्या १९५७च्या गाण्यातली, चार्ल्स कॉनर या ड्रमरची; कॉनरचं नाव नाही. म्हणजे ‘हा कारागीर की कलावंत’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर गमतीचा असेल, पण हिशेबाच्या वहीत त्याचं उत्तर शंभरातल्या नव्वद वेळा आधीच लिहिलेलं असतं. आपल्या आवडत्या ड्रमरसाठी भांडणाऱ्या चाहत्याला हे नेमकं माहीत नसलं तरी त्याचा सल लागलेला असतो, असं मला वाटतं. गायकासाठी कुणाला भांडावं लागत नाही.

हे कोर्टातही गेलं आहे. मँचेस्टरच्या द स्मिथ्स बँडमध्ये गायक मॉरिसी आणि गिटारवाला जॉनी मार चाळीस-चाळीस टक्के घेत, ड्रमर माइक जॉइस आणि बेसवाला अँडी रूर्क यांना दहा-दहा. बँड मोडल्यावर जॉइसने दावा लावला. डिसेंबर १९९६मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याला बरोबरीचा भागीदार मानून पंचवीस टक्के दिले आणि १९९८मध्ये मॉरिसीचं अपीलही फेटाळलं गेलं. पण लक्षात घ्या, हे पंचवीस टक्के ध्वनिमुद्रण आणि मैफिलींच्या उत्पन्नातले. गाणी मॉरिसी आणि मार यांचीच राहिली.

रॉकच्या शेजारच्या गल्लीत, फंकमध्ये, याहून विदारक गोष्ट आहे. १९६९च्या नोव्हेंबरात जेम्स ब्राउनच्या बँडने ‘फंकी ड्रमर’ मुद्रित केलं. मधे काही सेकंद बाकी सगळे थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड एकटा वाजवतो. तेवढा तुकडा पुढे शेकडो हिप-हॉप आणि पॉप गाण्यांच्या बुडाशी गेला. गाणं ब्राउनच्या नावावर. या उचलेगिरीतून स्टबलफील्डच्या हाती जवळजवळ काही लागलं नाही, आणि पैशापेक्षा नाव न घेतल्याचं त्याला जास्त लागलं होतं. कॅन्सरच्या उपचारांचं मोठं बिल गायक प्रिन्सने गुपचूप भरलं होतं, ते प्रिन्स २०१६मध्ये गेल्यावर स्टबलफील्डनेच सांगितलं. पुढच्या फेब्रुवारीत तोही गेला.

आणि आता एक उलटं उदाहरण. बिल ब्रूफर्ड हा इंग्लिश ड्रमर तंत्रात कुणालाही हार न जाणारा. पुढे त्याने २००९मध्ये मैफिली थांबवून सरे विद्यापीठात, ड्रमरची कल्पकता नेमकी कशात असते, या विषयावर २०१६मध्ये डॉक्टरेट मिळवली, पुस्तक लिहिलं, आणि नंतर पुन्हा काठ्या हातात घेतल्या. तो किंग क्रिमझनमध्ये असताना २३ नोव्हेंबर १९७३ला अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखबाउ सभागृहात मैफल चालू होती. आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचा भाग आला. व्हायोलिनने हळुवार सुरुवात केली, बेस त्यात मिसळला, मग मेलोट्रॉनचे सूर आले. ब्रूफर्ड आपल्या जागी बसून होता. त्याने दोन्ही काठ्या छातीवर आडव्या धरल्या आणि साडेपाच मिनिटांत एकही ठोका मारला नाही. ती रचना १९७४च्या अल्बमवर ‘ट्रायो’ या नावाने आली. ट्रायो म्हणजे तिघांचं वादन. तिच्या कर्त्यांत नावं मात्र चौघांची छापली आहेत, आणि त्यात ब्रूफर्डचंही आहे.